किल्ली कोणाच्या कमरेला?

मॉरिशसच्या पारपत्रावर जी राजमुद्रा छापलेली असते, तिच्या एका अंगाला डोडो पक्षी उभा आहे आणि दुसऱ्या अंगाला सांबर. दोघांनीही उसाचे एकेक कांडे धरले आहे. मधल्या ढालीचे चार भाग केलेले आहेत. एकात गलबत, दुसऱ्यात ताडाची तीन झाडे, तिसऱ्यात किल्ली आणि चौथ्यात तारा. खाली लॅटिन भाषेतील ब्रीद आहे, 'स्टेला क्लाविस्क्वे मारिस इंडिची'. अर्थ असा की, हिंदी महासागराचा तारा आणि किल्ली. ही मुद्रा इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याने ऑगस्ट १९०६ मध्ये राजाज्ञेने या वसाहतीला बहाल केली. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले आणि १२ मार्च १९९२ रोजी प्रजासत्ताक झाले. राणीची सत्ता गेली, गव्हर्नर जनरलचे पद गेले, त्याच्या जागी राष्ट्रपती आला. मुद्रा मात्र जशी होती तशीच राहिली.

या मुद्रेवर नेमके कोण आहे, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. डोडो हा त्या बेटाचाच पक्षी. १५९८ मध्ये डच आले, त्यांनी बेटाला आपल्या राजपुत्राचे, मॉरिस ऑफ नासाऊचे नाव दिले आणि पुढच्या शंभर वर्षांच्या आत हा न उडणारा, माणसाला न घाबरणारा पक्षी पृथ्वीतलावरून नाहीसा झाला. सांबर म्हणून जे जनावर दाखवले आहे, ते मुळात जावा बेटावरचे हरीण; डचांनी १६३९ मध्ये शिकारीसाठी व मांसासाठी आणून सोडलेले. ऊसही त्यांनीच आणला. म्हणजे एक प्राणी युरोपीय माणसाने संपवलेला, दुसरा युरोपीय माणसाने आणलेला, आणि दोघांच्या मधोमध युरोपीय माणसाला श्रीमंत करणारे पीक. वसाहतवादाचा इतिहास इतक्या थोड्या जागेत आणि इतक्या प्रामाणिकपणे क्वचितच कोणी रंगवला असेल! फक्त या चित्रात माणूस नाही. ज्याने तो ऊस लावला, खुरपला, तोडला आणि चरकापर्यंत वाहून नेला, त्याची साधी सावलीसुद्धा या ढालीवर पडलेली नाही.

तो माणूस कोण होता, याची नोंद मॉरिशसच्या अभिलेखागारात बोटीगणिक आहे. आधी तो आफ्रिका आणि मादागास्करहून साखळदंडात आणलेला गुलाम होता. १ फेब्रुवारी १८३५ रोजी बेटावर गुलामगिरीचा अंत झाला. पण मळेवाल्यांनी त्याची पर्यायी व्यवस्था आधीच करून ठेवली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' नावाचे जहाज ३६ भारतीय मजुरांना घेऊन पोर्ट लुईला लागले. त्यानंतरच्या सुमारे ८५ वर्षांत जवळजवळ पाच लाख भारतीय याच बंदरात उतरले. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून सर्वाधिक. त्याखेरीज तामिळ आणि तेलुगू मुलखातून आणि मुंबई बंदरातून कोकणातले मराठी लोक. 'अ‍ॅग्रीमेंट'चे 'गिरमिट' झाले आणि माणसाचा 'गिरमिटिया'. ज्या धक्क्याच्या पायऱ्या ते चढले, तो आज 'आप्रवासी घाट' म्हणून ओळखला जातो आणि २००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. पळून गेलेल्या गुलामांनी ज्या उंच कड्याचा आश्रय घेतला, त्या ल मॉर्नला तो दर्जा २००८ मध्ये मिळाला. बेटाच्या खऱ्या इतिहासाची ही दोन स्थाने जगाने मान्य केली. शासनाच्या शिक्क्यावर मात्र अजून हरीणच उभे आहे.

निरुपद्रवी पक्षी

यावर एक युक्तिवाद ठरलेला आहे. मॉरिशससारख्या बहुवंशीय, बहुधर्मीय देशात जुनी, कोणालाही न दुखावणारी चिन्हेच बरी, असे सांगितले जाते. डोडोवर हिंदू हक्क सांगत नाही, मुसलमान सांगत नाही, क्रिओल सांगत नाही, चिनी सांगत नाही. मग उगाच पोळ्याला दगड कशाला मारायचा?

हा युक्तिवाद वरवर शहाणपणाचा वाटतो. परंतु मेलेल्या पक्ष्यावर सर्वांचे एकमत होते याचे कारण तो कोणाचाच नाही, हे आहे. तो सर्वांचा आहे, हे नव्हे. राष्ट्रचिन्हाकडून अपेक्षा दुसऱ्या प्रकारची असते. शिवाय ही मुद्रा तटस्थ आहे असे समजणे हाच मुळी भाबडेपणा आहे. राजाने, साखरमळ्यांच्या वैभवाच्या काळात, आपल्या आरमाराच्या सोयीच्या ठाण्याला दिलेले ते मानचिन्ह आहे. त्यातला तारा आणि किल्ली ही मॉरिशसच्या जनतेसाठी नाहीत. लंडनहून भारताकडे जाणाऱ्या सागरी मार्गावर हे बेट किती मोक्याचे आहे, याची ती पावती आहे.

भारताने २६ जानेवारी १९५० रोजी सारनाथचा सिंहस्तंभ स्वीकारला, तेव्हा त्याच्यापुढेही बहुविधतेचा प्रश्न होताच. त्या वेळी इंग्रजी मुकुटाला 'निरुपद्रवी' मानण्याचा मोह येथील धुरीणांना झाला नाही. अर्थात भारतानेही फार मिजास मिरवू नये. नौदलाच्या ध्वजावरचा सेंट जॉर्जचा क्रूस २००१ मध्ये उतरला, २००४ मध्ये पुन्हा चढला आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट त्या ध्वजावर यायला सप्टेंबर २०२२ उजाडावे लागले. पारतंत्र्याच्या खुणा पुसण्याचे काम कोठेच एका मध्यरात्री होत नाही. पण ते काम आहे, एवढे तरी मान्य असावे लागते.

मताधिकाराची लढाई

गिरमिटियांच्या वंशजांना सत्ता कोणी तबकात घालून दिलेली नाही. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून परतताना बॅरिस्टर गांधींचा मुक्काम या बेटावर पडला, तेव्हा त्यांनी तेथील भारतीयांना दोन गोष्टी सांगितल्या : मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला. १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर तेथे गेले, मजुरांचे खटले लढले, 'हिंदुस्थानी' हे पत्र काढले. त्यानंतरच्या पिढीत वासुदेव आणि सुखदेव विष्णुदयाल या बंधूंनी जे केले, त्याला तर तोड नाही. १९४७ च्या घटनादुरुस्तीने, बेटावर प्रचलित असलेल्या कोणत्याही भाषेत साधी वाक्ये लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढाला मताधिकार दिला. मळेवाल्यांची अटकळ अशी की, उसाच्या फडातल्या अडाणी माणसाला ते कधी जमणारच नाही. विष्णुदयाल बंधूंच्या 'जन आंदोलना'चे स्वयंसेवक गावोगावच्या बैठकांतून रात्री कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवून घेत फिरले. मतदारांची संख्या १२ हजारांच्या आसपास होती, ती १९४८ च्या निवडणुकीत ७२ हजारांच्या घरात गेली. देवनागरीत स्वतःचे नाव लिहिणाऱ्या हातांनी साखरसम्राटांची सद्दी मोडली. विसाव्या शतकातील हिंदू समाजाच्या सनदशीर विजयांत या घटनेला मानाचे स्थान असायला हवे. येथील किती पाठ्यपुस्तकांत ती सापडते?

स्वातंत्र्यदिन म्हणून १२ मार्च निवडला गेला, तो दांडीयात्रेच्या प्रारंभाचा दिवस म्हणून. ध्वज मात्र त्यांचा स्वतःचा झाला. तांबडा, निळा, पिवळा, हिरवा असे चार आडवे पट्टे. गुरुदत्त मोहर या शिक्षकाने कल्पिलेले. स्वातंत्र्यलढ्यातील त्याग, हिंदी महासागर, स्वातंत्र्याचा प्रकाश आणि बेटाची हिरवाई, असा त्यांचा अर्थ लावला जातो. त्यात ना डोडो, ना मुकुट, ना लॅटिन. १९६७ च्या निवडणुकीत चव्वेचाळीस टक्के मतदारांनी स्वातंत्र्याच्या विरोधात कौल दिला होता, जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत दंगली पेटल्या होत्या. अशा स्थितीत शाँ द मार्सच्या मैदानावर तो ध्वज वर चढला आणि आज त्या मतदारांची नातवंडेही त्यालाच वंदन करतात. स्वतःचे नवे चिन्ह घडवले की लोक दुरावतात, या समजुतीला मॉरिशसच्याच ध्वजाने दिलेले हे उत्तर आहे.

पण ध्वजाखाली उभे राहून जे राष्ट्रगीत गायले जाते, त्याची भाषा इंग्रजी. ज्यां-जॉर्ज प्रॉस्पेर यांची रचना चांगली आहे, फिलिप जांतील यांची चालही. दोघेही त्या मातीचेच. प्रश्न त्यांच्या गुणवत्तेचा नाही. मातृभूमीला हाक मारायची आणि तीही घरात कोणीच न बोलणाऱ्या भाषेत, यातली विसंगती कोणाला खटकत कशी नाही? १९६८ च्या घटनेने संसदेची अधिकृत भाषा इंग्रजी ठरवली आणि अध्यक्षांना उद्देशून फ्रेंचमध्ये बोलण्याची मुभा दिली. बहुसंख्यांच्या तोंडची क्रिओल त्यात नव्हती, ज्या भाषेत गिरमिटियांनी रामचरितमानस जपले ती हिंदी नव्हती आणि ज्या बोलीत ते हसले-रडले ती भोजपुरीही नव्हती. फ्रेंचांकडून इंग्रजांनी हे बेट १८१० मध्ये जिंकले, तेव्हा शरण आलेल्या फ्रेंच मळेवाल्यांना त्यांची भाषा, कायदे आणि मालमत्ता राखण्याचे वचन दिले होते. जितांना दिलेले ते वचन दीडशे वर्षांनंतरच्या स्वतंत्र घटनेतही पाळले गेले. मजुरांना कोणी काही वचन दिलेच नव्हते!

न्यायव्यवस्थेचीही तीच कथा. पोर्ट लुईतील सर्वोच्च न्यायालयाची नवी, देखणी इमारत भारताच्या साहाय्याने उभी राहिली आणि ३० जुलै २०२० रोजी तिचे उद्घाटन झाले. पण त्या इमारतीत दिलेला निकाल अंतिम नसतो. शेवटचे अपील लंडनमधील प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीपुढे जाते. भारताने ती वाट १९४९ मध्येच बंद केली होती. गुंतवणूकदारांचा विश्वास टिकतो, असे तिच्या समर्थनार्थ सांगितले जाते. स्वतःच्या न्यायाधीशांवर विश्वास निर्माण करायला पन्नासहून अधिक वर्षे पुरली नसतील, तर आणखी किती लागतील, हे मात्र कोणी सांगत नाही.

चार खणांची पेटी

मुद्रा परकी आहे, ती एक वेळ बदलताही येईल. त्याहून खोल रुतलेली गोष्ट आहे ती घटनेच्या पहिल्या परिशिष्टात. मॉरिशसच्या संसदेत ६२ सदस्य थेट निवडून येतात : मुख्य बेटावरील वीस मतदारसंघांतून प्रत्येकी तीन आणि रॉड्रिग्जमधून दोन. त्यांच्या जोडीला, अल्प प्रतिनिधित्व मिळालेल्या समाजांच्या पराभूत उमेदवारांपैकी सर्वोत्तम मते घेणाऱ्यांना जास्तीत जास्त आठ जागा दिल्या जातात. यालाच 'बेस्ट लूझर' पद्धत म्हणतात. त्यासाठी जनतेचे चार खण पाडलेले आहेत. हिंदू, मुसलमान, चिनी आणि या तिघांपैकी कोणाचीच 'जीवनपद्धती' ज्याची दिसत नाही, तो 'सामान्य जनता'. म्हणजे गुलामांचा वंशज आणि त्याच्या मालकाचा वंशज, क्रिओल आणि गोरा फ्रेंच, दोघे एकाच खणात! कोणाची लोकसंख्या किती, हे अजूनही १९७२ च्या जनगणनेवरून मोजले जाते, कारण त्यानंतरच्या जनगणनांत समाजाची नोंदच घेतलेली नाही. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने, उमेदवारावर समाज जाहीर करण्याची अशी सक्ती योग्य नाही, असा निर्वाळा दिला. २०१४ च्या निवडणुकीपुरती तात्पुरती सवलत दिली गेली. ती निवडणूक गेली आणि सवलतही गेली.

या पद्धतीच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवीन रामगुलाम यांच्या आघाडीने मुख्य बेटावरील साठच्या साठ जागा जिंकल्या. १९८२ आणि १९९५ मध्येही असेच घडले होते. अशा वेळी सभागृहात विरोधकाचा आवाज उरतो तो याच जागांमुळे. विरोधी पक्षनेताही याच दाराने आत आला. परंतु विरोधी पक्षाला जागा हव्यात म्हणून माणसाच्या कपाळावर जातगट कोरावा लागतो, असे थोडेच आहे? प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचे प्रस्ताव अनेक वर्षे धूळ खात पडले आहेत. राज्यकर्त्यांना ते नको आहेत, याचे कारण सरळ आहे. खण शाबूत असले की उमेदवारी वाटणे सोपे जाते.

आणि हे खण नुसते घटनेत नाहीत, ते खिशात आहेत. मॉरिशसचे चलन रुपया. पंचवीसच्या नोटेवर आ-शुएन, पन्नासच्या नोटेवर पातुरो, शंभरच्या नोटेवर रंगनादन सीनीवासन, दोनशेच्या नोटेवर अब्दुल रझाक मोहम्मद, पाचशेच्या नोटेवर सुखदेव विष्णुदयाल, हजाराच्या नोटेवर गाएतां द्युव्हाल, दोन हजारांच्या नोटेवर सर शिवसागर रामगुलाम. चिनी, गोरा, तामिळ, मुसलमान, हिंदू, क्रिओल, हिंदू. ही सर्व माणसे आपापल्या परीने मोठी होती, त्यांचा मान राखलाच पाहिजे. पण निवड करताना फूटपट्टी कोणती वापरली होती, हे झाकून राहत नाही.

नोटांचीच आणखी एक कथा आहे आणि ती हिंदू समाजाने विशेष लक्ष देऊन वाचावी अशी आहे. मॉरिशसच्या नोटेवर मूल्य इंग्रजी, तामिळ आणि नागरी अशा तीन लिपींत छापले जाते. १९९८ मध्ये ज्या नव्या नोटा निघाल्या, त्यांत क्रम बदलला गेला. नागरी वर गेली, तामिळ खाली आली. बेटावर तामिळ मजूर आधी आले, म्हणून तामिळचे स्थान आधी, अशी त्या समाजाची परंपरागत भूमिका. प्रक्षोभ उसळला, निदर्शने झाली, नोटा मागे घ्याव्या लागल्या आणि १९९९ च्या नोटांवर तामिळ पुन्हा वर आली.

बोटभर जागेतल्या दोन ओळींच्या क्रमासाठी एवढा गहजब, म्हणून हसणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एवढाच विचार करावा की, तामिळ माणसाला ती ओळ का लागली. नोटेवरील ती अक्षरे, ही त्याच्या पणजोबाच्या अस्तित्वाची शासनाने दिलेली एकमेव कबुली होती. चूक तामिळ समाजाची नव्हती. बेजबाबदारपणे क्रम फिरवणाऱ्यांची होती आणि ज्या बहुसंख्य हिंदी भाषकांना त्यात काही गैर वाटले नाही, त्यांचीही होती. एकाच महासागरावरून, एकाच 'गिरमिटा'वर आलेल्या, एकाच गंगातलावावर महाशिवरात्रीला कावडी घेऊन जाणाऱ्या समाजात एका छापील ओळीने भिंत उभी राहावी, यापेक्षा वसाहतवाद्यांच्या फोडाफोडीचे मोठे यश ते कोणते?

मराठी समाज संख्येने लहान. घटनेच्या हिशेबात तो 'हिंदू' या खणात मोडतो, पण प्रत्यक्षात त्याने आपली भाषा, आपली मंडळे, आपला गणपती वेगळा जपला आहे. गणेश चतुर्थीला तेथे राष्ट्रीय सुट्टी असते. मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते. एप्रिल २०२३ मध्ये तेथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा महाराष्ट्रातील वृत्तपत्रांनी दोन दिवस रकाने भरले आणि तिसऱ्या दिवशी सारे विसरले. हाच भारतीयांचा मॉरिशसविषयीचा खरा दोष. या देशाला 'लघुभारत' म्हणायचे, गंगातलावाच्या शंकराचे छायाचित्र काढायचे, तेथील पंतप्रधानाचे आडनाव भारतीय निघाले म्हणून छाती फुगवायची आणि परतीच्या विमानात बसायचे. ते भारताचे लहान भावंड नाही. ते सार्वभौम राष्ट्र आहे आणि त्याचे दुःखही सार्वभौम आहे. त्या दुःखाचे नाव चागोस.

८ नोव्हेंबर १९६५ रोजी, स्वातंत्र्याच्या वाटाघाटी चालू असतानाच, ब्रिटनने चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडला. मोबदला तीस लाख पौंड. त्यातील दिएगो गार्सिया बेट अमेरिकेला लष्करी तळासाठी दिले. १९६८ ते १९७३ या काळात तेथील मूळ रहिवाशांना बोटींत कोंबून मॉरिशस आणि सेशेल्सच्या किनाऱ्यावर नेऊन सोडले. त्यांची कुत्री धूर कोंडून मारली. मुद्रेवर किल्ली मिरवणाऱ्या राष्ट्राच्या हातून खरी किल्ली जन्माआधीच काढून घेतली गेली होती.

मॉरिशसने ही लढाई चिकाटीने लढवली. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, मॉरिशसचे निर्वसाहतीकरण विधिवत पूर्ण झालेले नाही, असे मत दिले. त्याच वर्षी २२ मे रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ देशांनी मॉरिशसच्या बाजूने मत दिले. विरोधात अवघी सहा मते पडली. भारताची बाजू या सर्व काळात स्पष्ट राहिली आणि ती योग्यच होती. २२ मे २०२५ रोजी अखेर करारावर सह्या झाल्या. संपूर्ण द्वीपसमूहावर मॉरिशसचे सार्वभौमत्व. मात्र दिएगो गार्सियाचा वापर ९९ वर्षे ब्रिटनकडे, सरासरी वार्षिक १० कोटी १० लाख पौंडांच्या मोबदल्यात. ज्यांना हाकलले होते त्या चागोसवासीयांपैकी अनेकांची तक्रार अशी की, करार करताना कोणी त्यांना विचारलेच नाही. मळ्यातल्या माणसाला ढालीवर जागा नव्हती, त्याच्या या भावंडाला करारात आवाज मिळाला नाही.

त्याआधी दोनच महिने, १२ मार्च २०२५ रोजी, भारताचे पंतप्रधान राष्ट्रीय दिनाचे प्रमुख पाहुणे म्हणून पोर्ट लुईत होते. त्यांना देशाचा सर्वोच्च सन्मान देण्यात आला. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. त्याच भेटीत मॉरिशसचे नवे संसद भवन बांधण्यासाठी भारताने सहकार्य देऊ केले. त्या सन्मानाचे नाव 'ऑर्डर ऑफ द स्टार अँड की ऑफ द इंडियन ओशन', म्हणजे एडवर्डच्या ढालीवरचा तोच तारा आणि तीच किल्ली. नव्या संसद भवनाच्या दर्शनी भिंतीवर कोणती मुद्रा बसवायची, हा निर्णय पोर्ट लुईत घ्यायचा आहे, आणि आप्रवासी घाटाच्या पायऱ्या तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.